वित्तीय क्षेत्रातील महिला नेतृत्व आणि संस्थांची कामगिरी : पेडणे-डिचोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्रमुखपदी स्त्री असेल तर बँकेची कामगिरी सुधारते काय, हा प्रश्न वाणिज्य शाखेत वारंवार विचारला जातो. उत्तरासाठी बहुधा नफ्याचे आकडे शेजारी मांडून पाहिले जातात. परंतु ते पद स्त्रीला कोणत्या परिस्थितीत मिळाले, हे ताळेबंदात लिहिलेले नसते. प्रस्तुत लेखात याच बाजूने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

मालकी आणि अधिकार

पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखाली आले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. वारशात मुलीला मुलाइतकाच वाटा आणि विवाहाचा वेगळा करार नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. गोव्यातील मुस्लिम कुटुंबेही याच कायद्याखाली येतात. म्हणजे मालमत्तेवर स्त्रीचे नाव येथे फार पूर्वी लागले. राजकारणातही उदाहरण आहे. पेडण्यात जन्मलेल्या शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ या काळात गोव्याच्या मुख्यमंत्री होत्या आणि विधानसभेत त्यांनी डिचोलीचे प्रतिनिधित्व केले. मात्र मालकी असणे वेगळे आणि इतरांच्या ठेवींविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असणे वेगळे. वित्तसंस्थांत हा अधिकार स्त्रियांना उशिरा मिळाला.

बँकांचा अनुभव

तर्जनी वकील १९९३ मध्ये एक्झिम बँकेच्या प्रमुख झाल्या. त्यानंतरचे महत्त्वाचे उदाहरण इंडियन बँकेचे. सतत तोट्यात चाललेल्या या सरकारी बँकेची सूत्रे २००० मध्ये रंजना कुमार यांच्याकडे आली. खर्चात कपात, स्वेच्छानिवृत्ती, थकीत कर्जांची वसुली या उपायांनी २००१-०२ मध्ये बँक नफ्यात आली. सरकारने पुरवलेल्या भांडवलाचाही यात वाटा होता, हे विसरता येणार नाही. तरीही बँक बुडण्याच्या बेतात असताना सुकाणू स्त्रीच्या हाती दिले गेले, हे लक्षणीय आहे. रायन व हॅस्लम यांनी २००५ मध्ये ब्रिटिश कंपन्यांविषयी असेच निरीक्षण नोंदवले. कंपनीची कामगिरी काही काळ खराब राहिल्यानंतर संचालकपदी स्त्रीची नेमणूक होण्याकडे कल दिसतो, असे त्यांना आढळले. अशा वेळी पहिल्या वर्षाचे आकडे पाहून स्त्रीला दोष देणे अन्यायाचे ठरते.

याउलट अनुभवही आहे. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी सुरू झालेली भारतीय महिला बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. त्या वेळी स्टेट बँकेच्या प्रमुख अरुंधती भट्टाचार्य होत्या. म्हणजे 'महिला' हे नाव धारण केलेली बँक टिकली नाही आणि नाव न बदललेल्या मोठ्या बँकेत स्त्री सर्वोच्च पदावर पोहोचली होती.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील माणदेशी महिला सहकारी बँकेची कथा अधिक बोलकी आहे. प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने तिचा पहिला अर्ज नाकारला. या महिला लिहावाचायला शिकल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करण्याची आपली तयारी त्यांनी अधिकाऱ्यांसमोर मांडली आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

संशोधन काय सांगते?

संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळात स्त्रियांना सुमारे ४० टक्के स्थान दिले. अहर्न व डिटमार यांनी २०१२ मध्ये यामुळे कंपन्यांचे मूल्य घटल्याचे मांडले, तर पुढील अभ्यासांनी त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. अॅडम्स व फरेरा यांना २००९ मध्ये अमेरिकी कंपन्यांत आढळले की, स्त्रिया असलेल्या मंडळांत बैठकांना उपस्थिती चांगली राहते व देखरेख कडक होते, पण सरासरी नफा वाढतोच असे नाही. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध आणि ठराविक मोठ्या कंपन्यांना एक स्त्री संचालक बंधनकारक केली. एका जागेवरून एवढ्या मोठ्या कंपनीच्या नफ्याचा निवाडा करणे धाडसाचे होय.

समारोप

नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बचत गट व बँक यांची जोडणी सुरू केली. ही चळवळ पुढे देशभर पसरली आणि ग्रामीण स्त्रियांना हिशेबाची वही, कर्ज व परतफेड यांचा अनुभव तिने दिला. या अनुभवापासून पतसंस्थेच्या संचालक मंडळापर्यंतचे अंतर मात्र मोठे आहे. आपल्या वर्गातील मुली ताळेबंद अचूक जुळवतात. त्यावर सही करणाऱ्यांत त्या किती असतात? पेडणे-डिचोलीतील महाविद्यालयीन शिक्षकांनी आपल्या परिसरातील पतसंस्थांचे वार्षिक अहवाल विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावेत. संचालक मंडळात स्त्रिया किती, कोणत्या समितीवर आणि कोणत्या वर्षापासून, एवढ्या तीन नोंदी जरी जमल्या तरी अभ्यासाला आधार मिळेल. 'स्त्री आल्याने नफा वाढला काय' या प्रश्नाच्या आधी 'स्त्रीला निर्णयाची संधी केव्हा मिळाली' हा प्रश्न विचारला, तरच पहिल्याचे उत्तर प्रामाणिक ठरेल.