महिन्याचा हेतू

मराठीत ‘हेतू’ हा शब्द जरा बदनामच. एखाद्याच्या गोड बोलण्यामागे हेतू दिसला की समोरचा सावध होतो. वसईच्या किंवा नगरकडच्या चर्चमध्ये मात्र हा शब्द उजळ माथ्याने वावरतो. मिस्सा कुणासाठी, माळ कशासाठी, तो तिचा हेतू. वडिलांचं आजारपण, मुलाची परीक्षा, मुलीचं रखडलेलं लग्न, आईची पुण्यतिथी. या घरगुती यादीत एक हेतू दर महिन्याला थेट रोमहून येऊन बसतो. त्याच्या जन्माला कारण झाली ती हिंदुस्थानात यायला उतावीळ झालेली काही फ्रेंच मुलं.

दक्षिण फ्रान्समधल्या ल प्वी गावाजवळ वाल्स इथे येशूसंघीयांचं, म्हणजे जेझुइटांचं, अध्ययनगृह होतं. 1838 पासून फ्रेंच येशूसंघीय मदुराईच्या मिशनवर येऊ लागले होते. उन्हाने आणि साथींनी त्यांतले कितीतरी ऐन तारुण्यात गेले. तरी वाल्सच्या विद्यार्थ्यांचा जीव पुस्तकात रमेना. कधी एकदा जहाजात बसतो, असं त्यांना झालेलं. 3 डिसेंबर 1844 रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फ्रान्स्वा-झाव्हिए गोत्रले यांनी त्यांना समोर बसवलं. ज्या संताचं शव जुन्या गोव्यात आहे आणि ज्याच्या फेस्ताला याच तारखेला तिथे माणसांचा पूर लोटतो, त्याचंच नाव गोत्रले यांनाही ठेवलेलं होतं. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा: जहाजाची वाट कशाला पाहता? आजचा अभ्यास, त्यातला कंटाळा, झालेली निराशा, सगळं सकाळीच देवाला अर्पण करा. इथे बसूनही मिशनचं काम होईल.

विद्यार्थ्यांनी ते मनावर घेतलं आणि आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनाही शिकवलं. खरी गंमत इथे आहे. शेतकऱ्याला नऊ दिवसांचा नोव्हेना झेपत नाही, कारण गुरं थांबत नाहीत. या प्रार्थनेला वेगळा वेळच लागत नव्हता. सकाळी एकदा अर्पण केलं की नांगरणीसुद्धा प्रार्थनेत जमा. कष्टकरी बाप्यांना हा व्यवहार पटला यात नवल नाही.

पण या अर्पणाला दर महिन्याला नवा हेतू जोडून तो घरोघर पोचवायचा तर छापखाना आणि टपाल हवं. ते काम येशूसंघीय आंरी रामिएर यांनी केलं. 1861 मध्ये त्यांनी येशूच्या पवित्र हृदयाचा ‘मेसेंजर’ हे मासिक काढलं आणि पाहता पाहता निरनिराळ्या भाषांत त्याची भावंडं निघाली. 1890 च्या सुमारास पोप तेरावे लिओ महिन्याचा हेतू स्वतः देऊ लागले. 1929 मध्ये अकरावे पायस यांनी मिशनसाठी आणखी एक हेतू जोडला.

मराठीत ‘मेसेंजर’ला शब्द सापडला तो अस्सल देशी: ‘निरोप्या’. जर्मन येशूसंघीय हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये नगर जिल्ह्यातल्या केंदळ इथून या नावाचं मासिक सुरू केलं. संवत छप्पन्नच्या (1899-1900) दुष्काळातून नुकतीच सावरत असलेली ही गावं. अक्षर ओळखणारा म्हटला तर मिशनशाळेचा मास्तर. तिथे मासिक काढायचं म्हणजे धाडसच! डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले, मग जपानात हिरोशिमाला गेले आणि पुन्हा पुण्याला परतले. ‘निरोप्या’ मात्र मराठीतच राहिला आणि शंभरी ओलांडून गेला. कोकणीत 1915 मध्ये फादर लुदोविको परेरा यांनी ‘दर म्हयन्याची रोटी’ काढली, तीही गोव्यात नाही, कराचीत! पोटासाठी गोंयकार जिथे गेले होते, तिथे महिन्याची भाकरीही निघाली.

घरातल्या पुरुषाला प्रार्थनेकडे ओढणारी दुसरी युक्ती पेरूत जन्मलेल्या मातेओ क्रॉली-बोव्ही या धर्मगुरूंची. 1907 पासून त्यांनी पवित्र हृदयाचं चित्र घराच्या दर्शनी खोलीत विधिपूर्वक बसवण्याची प्रथा पसरवली. समर्पणाची प्रार्थना वाचायची ती कुटुंबप्रमुखाने. प्रवचन सुरू झालं की चर्चच्या पायरीवर गप्पा मारायला सटकणारा बाप्या आता आपल्याच घरात, बायकोपोरांसमोर, मोठ्याने प्रार्थना वाचू लागला. तिथून सटकणार कुठे?

आता हेतू मोबाइलवर येतो. जानेवारी 2016 पासून पोप फ्रान्सिस छोट्या चित्रफितीतून तो सांगू लागले आणि 2017 पासून छापील यादीत महिन्याला पुन्हा एकच हेतू उरला. विषयही बदलले. ऑगस्ट 2020 चा हेतू होता समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी: खलाशी, मच्छीमार आणि त्यांची कुटुंबं. कोविडमुळे जगभर लाखो खलाशी जहाजांवर अडकले होते. करार संपले, तरी घरी जायला वाट नव्हती. गोव्यातल्या तारवट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या, घरी, वसईपासून उत्तनपर्यंतच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत हा हेतू कुणाला समजावून सांगण्याची गरजच नव्हती. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. ऑगस्ट उजाडला की बोटी पाण्यात उतरवण्याची लगबग सुरू होते.