डॅशबोर्डवरचा व्होल्टमीटर : सुईपासून आकड्यापर्यंत

समजा, गाडीत डिजिटल व्होल्टमीटर बसवलाय. इंजिन बंद, ब्लोअर चालू आणि मीटरवर १२.२. तुम्ही लगेच म्हणाल, "बॅटरी अर्धी उतरली." हा निष्कर्ष बरोबर आहे का? उत्तरासाठी या उपकरणाचा थोडा इतिहास बघू.

१९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आला. हँडल मारायची कटकट गेली, पण नवी काळजी सुरू झाली : बॅटरी चार्ज होतेय ना? त्यासाठी अनेक गाड्यांत अ‍ॅमीटर असायचा. मध्ये शून्य, एका बाजूला चार्ज, दुसऱ्या बाजूला डिस्चार्ज. त्याचा प्रश्न सरळ होता : करंट बॅटरीत जातोय की बाहेर येतोय?

अडचण एकच. अ‍ॅमीटर सिरीजमध्ये जोडतात. म्हणजे स्टार्टर सोडला, तर बराचसा करंट डॅशबोर्डपर्यंत येऊन परत जायचा. १९६०मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर आणला, आणि पुढे गाड्यांतला करंट वाढतच गेला. सैल सांध्यात तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट!

व्होल्टमीटर समांतर जोडतात, त्याला नगण्य करंट आणि पातळ वायर पुरते. म्हणून हळूहळू तो अ‍ॅमीटरच्या जागी आला. पण इथे प्रश्नही बदलला, हे लक्षात घ्या. करंटची दिशा आता दिसत नाही, ती आपण ताडतो. इंजिन चालू असताना १४च्या आसपास, म्हणजे चार्जिंग चालू. स्थिर बॅटरी १२.६ला पूर्ण भरलेली, १२.२ला जवळपास अर्धी.

मग आकडे आले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्सने डिजिटल व्होल्टमीटर बनवला. तो प्रयोगशाळेतला महागडा डबा होता. १९७०च्या दशकात इंटरसिलच्या आयसीएल ७१०७सारख्या चिप आल्या आणि तेच काम बोटभर चिपवर होऊ लागलं. पद्धत गमतीदार आहे : ठरावीक वेळ कपॅसिटर मोजायच्या व्होल्टेजने चार्ज करायचा, मग ज्ञात व्होल्टेजने रिकामा करायचा आणि त्याला लागलेला वेळ मोजायचा. म्हणजे व्होल्टेज मोजताना आपण खरं तर वेळ मोजतो.

आता आपल्या १२.२कडे या. मीटर फक्त स्वतःच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज सांगतो. त्याची जोडणी ब्लोअरच्या वायरवरून घेतली असेल, त्या वाटेचा रोध ०.०५ ओहम आणि करंट ८ अँपिअर असेल, तर ०.४ व्होल्ट वाटेतच गेले. बॅटरीवर १२.६ असताना मीटर १२.२ दाखवणार. (लोडखाली बॅटरीचं व्होल्टेजही थोडं उतरतं, ते वेगळंच.) मीटर खोटं बोलत नाहीये, आपण त्याला भलत्याच ठिकाणचा प्रश्न विचारलाय.

उपाय सोपा आहे. बॅटरीच्या टर्मिनलपासून फ्यूज लावून मीटरसाठी स्वतंत्र वायर आणायची, इग्निशनच्या वायरने फक्त रिले चालवायचा आणि मीटरचा निगेटिव्हही थेट बॅटरीला द्यायचा. तुमच्या लॅबमधली फोर-प्रोब पद्धत याच तत्त्वावर चालते : करंटची वाट वेगळी, व्होल्टेज मोजायची वाट वेगळी.

सुई थरथरायची, त्यामुळे वाचणारा आपोआप सावध राहायचा. आकडा स्थिर दिसतो आणि शंका विसरायला लावतो. म्हणून थिसिसच्या टेबलात एखादं रीडिंग लिहिण्याआधी दोन गोष्टी विचारा : टोकं नेमकी कुठे जोडली होती? आणि मी मोजलं काय, ताडलं काय?