सोफियाटाउनचे गुत्ते आणि आपली आठवण

वस्ती पाडायची असली की सरकार आधी एक शब्द शोधतं. आपल्याकडे ‘बकाल’, ‘अनधिकृत’, ‘गुन्हेगारांचा अड्डा’. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग शहराला लागून असलेल्या सोफियाटाउनला हेच शब्द लावले गेले, आणि त्यात ‘दारूचे अड्डे’ हा सगळ्यात लाडका. म्हणून तिथल्या दारूच्या अड्ड्यांपासूनच सुरुवात करू.

त्यांना शिबीन म्हणत. ‘बॅक ऑफ द मून’, ‘थर्टी-नाइन स्टेप्स’ ही त्यांतली गाजलेली नावं. बाहेर पाटी नसायची. घरातली पुढची खोली, चार खुर्च्या, एक ग्रामोफोन. चालवणाऱ्या बहुतेक बायका. कामगार, शिक्षक, पत्रकार, वादक आणि खिसेकापूही एकाच खोलीत बसत. ‘ड्रम’ मासिकाचा लेखक कॅन थेम्बा रे स्ट्रीटवर राहायचा. त्याच्या भाड्याच्या खोलीला ‘सत्याचं घर’ असं नाव होतं. तिथे रात्र रात्र वाद चालत.

आता आपले काही कार्यकर्ते विचारतील, गुत्त्यांची कसली आठवण काढता? धम्मदीक्षेच्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. प्रश्न रास्त आहे. मी दारूचं गुणगान करत नाही. तो थेम्बा पुढे स्वाझीलँडमध्ये चाळिशीतच गेला आणि दारूने त्याला आतून पोखरलं होतं, हे लपवायचं कारण नाही. पण सरकारला दारूचं वावडं होतं का, ते बघा. काळ्या माणसाने ‘गोऱ्यांची’ दारू विकत घेणं १९६२ पर्यंत गुन्हा होता. त्याच वेळी नगरपालिका स्वतःचे बिअर हॉल चालवत होत्या. नाताळ प्रांतात १९०८ मध्ये तसा कायदाच झाला. डरबनने ज्वारीच्या देशी बिअरची मक्तेदारी घेतली आणि त्या नफ्यातून काळ्यांवर राज्य करणारी यंत्रणा पोसली. म्हणजे काळ्याने प्यावं, पण पैसा गोऱ्या तिजोरीत जावा. घरात बिअर गाळून पोरं वाढवणारी बाई गुन्हेगार. १९५९ मध्ये डरबनच्या केटो मनॉरमध्ये बायकांनी याच बिअर हॉलांवर हल्ला केला. आपल्या वस्तीत हातभट्टीवर धाड पडते आणि कोपऱ्यावर परवाना असलेलं दुकान खुशाल चालतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजवायला नको.

मग खरा राग कशाचा होता? जमिनीचा. हर्मन टोबियान्स्की नावाच्या माणसाने ही जागा घेतली, बायकोच्या नावावरून वस्तीला सोफियाटाउन म्हटलं आणि रस्त्यांना घरच्यांची नावं दिली : टोबी, गर्टी, बर्था. शेजारी मैल्याची विल्हेवाट लावायची जागा आली तेव्हा गोऱ्यांनी पाठ फिरवली, आणि प्लॉट काळ्यांना विकले गेले. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातली सुमारे ७ टक्के जमीन काळ्यांसाठी ठेवली. अशा देशात शहराच्या कुशीत काळा माणूस स्वतःच्या नावाच्या कागदावर घर बांधून राहत होता. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे एकेकाळचे अध्यक्ष डॉ. झुमा यांचं घर टोबी स्ट्रीटवर होतं. गावकुसाबाहेर ठेवलेल्याने गावात सात-बारा दाखवावा, तसं हे.

९ फेब्रुवारी १९५५ ला पहाटे पावसात सुमारे २,००० पोलीस आले. ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस आधीच. टोबी स्ट्रीटपासून सुरुवात झाली. सामान ट्रकांवर चढलं, माणसं मेडोलँड्सला. पुढच्या पाच-सहा वर्षांत ६० हजारांच्या आसपास माणसं हलवली गेली.

इथे आपल्या कामाची गोष्ट आहे, थोडं थांबतो. ‘आम्ही हलणार नाही’ ही घोषणा भिंतीभिंतीवर होती, तरी लोक हलले. कारण वस्तीत मालक आणि भाडेकरू असे दोन थर होते. मालकाची जमीन जात होती. पण एका अंगणात आठ-दहा कुटुंबांत कोंबलेल्या भाडेकरूला स्वतंत्र घर दिसत होतं. त्याला गद्दार म्हणणं सोपं आहे. नेत्यांनी त्याच्याशी आधी बोलायला हवं होतं. मंडेलांनी आत्मचरित्रात या पराभवाचा हिशोब बऱ्यापैकी प्रामाणिकपणे मांडलाय. चाळींच्या पुनर्विकासात मूळ रहिवासी आणि पोटभाडेकरू यांच्यात जी फूट पाडतात, ती आठवा.

आणि मेडोलँड्समध्ये काय केलं? झुलू एकीकडे, सोथो दुसरीकडे, त्स्वाना तिसरीकडे. भारतीयांना लेनेशियाला धाडलं, मिश्रवंशीयांना आणखी कुठे. सोफियाटाउनच्या एका शिबीनमध्ये जे एकत्र बसत होते त्यांची भाषेनुसार खाती पाडली. पायरीपायरीची विषमता म्हणजे काय, हे बाबासाहेब वाचलेल्या माणसाला लगेच कळेल.

रिकाम्या जागेवर गोऱ्या कामगारांसाठी घरं बांधली आणि नाव ठेवलं त्रिओम्फ, म्हणजे विजय. कुणावर विजय, तर घरात झोपलेल्या माणसांवर. जुनं नाव २००६ मध्ये परत आलं. चर्च ऑफ ख्राइस्ट द किंग आणि डॉ. झुमांचं घर पाडापाडीतून वाचलं. बाकी खोल्या गेल्या.

हा शब्दांचा खेळ मुंबईला नवा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर ‘सुधारणा’ करायला १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्त्या पाडल्या. जोहान्सबर्गमध्ये १९०४ च्या प्लेगमध्ये भारतीयांची वस्तीच जाळली आणि काळ्यांना क्लिपस्प्रुटला हाकललं. पुढचं सोवेटो तिथूनच वाढलं. ट्रस्टने बांधलेल्या चाळीत परळला बाबासाहेब राहिले, म्हणून ती चाळ आपल्याला ठाऊक आहे. ट्रस्टने पाडलेल्या गल्ल्यांत कोण राहत होतं, तिथे कुठला अड्डा होता, कुणाची खाणावळ होती, हे किती जणांना सांगता येईल? तुमच्या वस्तीत सत्तरी-ऐंशीच्या आज्या अजून आहेत. वही घेऊन बसा त्यांच्याजवळ. गल्लीचं जुनं नाव विचारा, भट्टी कुणाची होती तेही विचारा, आणि ते ऐकताना लाजू नका.