मोटेची शिवण

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. कातडीकामाचे प्रशिक्षण घेतो आहे. त्याने पिशवीतून एक काळी, उंच साहेबी टोपी काढली. पूर्ण कातड्याची. "सर, हातानं केलीय. मशीन लावलं नाही," तो म्हणाला. मग करणी सांगू लागला. टोपीचे तुकडे तीन : माथ्याची चकती, उभी भिंत आणि बाहेरचा काठ. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे ओले करायचे, लाकडी ठोकळ्यावर ताणून आकार द्यायचा, वाळू द्यायचे. कडा तासून पातळ करायच्या. मेणाचा दोरा आणि दोन सुया घेऊन दोन्ही बाजूंनी टाका घालायचा. आतल्या पट्टीवर त्याने स्वतःचे नाव उठवले होते.

साहेबाची उंच टोपी बहुधा नमद्याची नाहीतर रेशमाची असे. पण मार खाण्याइतकी टोपी पक्की हवी असली की कातड्याला शरण जावे लागे. १८२९ साली लंडनमध्ये नवे पोलीस दल उभे राहिले, तेव्हा शिपायांच्या उंच टोप्या कातड्याने मजबूत केलेल्या होत्या. कातडे माथ्यावर चढले म्हणून तिथे कोणाचा माथा विटाळला नाही.

मी ती टोपी उलटी करून पाहिली आणि मला मोट आठवली. सपाट कातड्याला शिवणीच्या जोरावर पोकळ, उभा आकार द्यायचा, हे टोपीचेही काम आणि मोटेचेही. फरक एवढाच की मोटेला विहिरीत उतरायचे असते.

आमचे घर ढोराचे. कातडे कमवणे आणि मोट शिवणे ही दोन्ही कामे आमच्या दारात चालत. १९६० नंतरच्या वर्षांत, मी पोरगा होतो तेव्हा, आमच्या भागातल्या विहिरींवर अजून मोटा चालू होत्या. म्हशीचे नाहीतर बैलाचे कातडे आधी चुन्याच्या पाण्यात भिजे. केस निघाले की ते खरवडून धुवायचे. मग तेच कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे आणि आत बाभळीच्या सालीचे व हिरड्याचे पाणी भरायचे. पाणी कातड्यातून झिरपून खाली घागरीत पडे. ते उचलून पुन्हा वर ओतायचे. दिवसामागून दिवस हेच. त्या वासावरून गाव आमचे घर ओळखत असे. पण ज्या वासाला गाव नाक मुरडत होते, त्या वासावाचून गावाचा ऊस उभा राहत नव्हता.

मोटेचे तोंड रुंद, पोट फुगीर, खाली निमुळती लांब सोंड. बा रापीने कडा तासायचा, एकीवर एक बसवायचा, आरीने भोके पाडायचा आणि ओली वादी ओढून घ्यायचा. मला एकदा म्हणाला, "वादी वली पायजे लेका. पान्यात फुगती आन् भोक मिटती." दोऱ्याची शिवण गळाली असती, कातड्याची शिवण पाण्यातच घट्ट होत असे. हे ज्ञान कोणत्या शाळेतले? त्याला शास्त्र म्हणायचे नाही, कारण ते आमच्या हातात होते.

मोटेभोवती अर्धा गावगाडा उभा असे. चाक सुताराचे, तोंडाचे कडे लोहाराचे, नाडा मांगाच्या हातचा. नाडा मोटेच्या तोंडाला आणि बारीक सोंदूर सोंडेला. बैल धावेवरून उतरले की मोट वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे.

आता मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. ते मेलेल्या जनावराचे कातडे दिवसभर विहिरीत बुडत होते. थारोळ्यात पडणारे पाणी मळ्यातली सगळी माणसे पीत होती, घरधनीसुद्धा. त्या कातड्याने विहीर बाटत नव्हती. मात्र ती मोट शिवणारा माझा बाप तहानला, तर त्याने पाटाच्या खालच्या अंगाला बसून ओंजळ पुढे करायची आणि मालकाच्या पोराने वरून पाणी ओतायचे. मोट दुरुस्त करायला विहिरीच्या काठापर्यंत तो चालत होता. पाणी प्यायला चालत नव्हता.

अस्पृश्यतेचे समर्थन करणारे सांगत आले की घाणेरड्या धंद्यामुळे काही जाती दूर ठेवल्या गेल्या. मूळ प्रश्न स्वच्छतेचा होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात धंद्यातून अस्पृश्यता निघाली हे मत खोडून काढले आहे. मी संशोधक नाही. पण त्या युक्तिवादाला माझ्या बापाच्या मोटेची साक्ष जोडावी असे वाटते. विटाळ कातड्याचा असता तर मोट विहिरीत उतरली नसती, तूप-तेल कातड्याच्या बुधल्यांतून फिरले नसते आणि देवळात मृदंग वाजला नसता. वस्तू आत, माणूस बाहेर. विटाळ होता तो हाताचा. आणि हात विटाळला तो जन्माने, कामाने नव्हे.

हे ध्यानात घेतले म्हणजे महाडचा अर्थ अधिक उघडा होतो. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोल्यांचा ठराव संमत केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला हजारोंना चालत जावे लागले. आणि नंतर तळे शुद्ध केले ते कशाने? शेणाने, गोमूत्राने, दुधा-दह्याने भरलेल्या १०८ घागरींनी. जनावराचे शेण पाण्याला चालले. माणसाची ओंजळ चालली नाही. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

पण बोट फक्त गावाकडे दाखवून भागणार नाही. कातडे आम्हाला पोचवणाऱ्याच्या हातचे पाणी आमच्या घरात पीत नसत. नाडा वळणाऱ्याला आमची आय ओट्याखाली बसवत असे. चांभार आम्हाला खालचे मानत आणि आम्ही आणखी कुणाला. जात ही श्रमिकांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. त्या वाटणीचा दाखला शोधायला मला घराबाहेर जावे लागले नाही.

पुढे इंजिने आली, विजेचे पंप आले. मोटा वळचणीला पडल्या. गावाने पंपाचे हप्ते भरले. मोट शिवणाऱ्याचे काय झाले, हे कुणी विचारले नाही. मला शिक्षकाची नोकरी लागली. तालुक्याच्या गावी खोली घेतली तेव्हा बापाची रापी आणि आरी मी भंगारात घातली. सोबत्यांना दिसू नये म्हणून. बापाने पाहिले. काही बोलला नाही.

ढोरे ओढणे, मेलेल्याचे मांस खाणे सोडा, ही शिकवण बरोबरच होती. पोरांनी पुन्हा त्याच खड्ड्याशी बसावे असे कोणी म्हणू नये. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधल्या उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात मारले गेले. म्हणजे काम केले तरी मार आहेच. आणि त्याच कातड्याला दूर नेऊन ठेवले की मोल चढते. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या. त्या कुठल्या, हे सांगितले नव्हते. ओरड झाल्यावर मान्य केले.

म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. धंदा सोडणे ही मुक्ती आहे. धंद्यातले ज्ञान विसरणे ही मुक्ती नाही. ती लाजेची शेवटची वसुली आहे. मी ती बिनबोभाट भरली.

निघताना त्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, मोटेची सोंड किती हात ठेवायचे? पोटाला जोड कुठं द्यायचे?" मी आठवू लागलो. शिवण आठवली, वास आठवला, बापाचा अंगठा आठवला. माप आठवले नाही. विचारायला बाप नाही.

ज्यांच्या घरी अजून कोणी म्हातारे असेल, त्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. हत्यारांची नावे, मापे, साल किती, हिरडा किती, हे सगळे लिहून घ्यावे. आणि वहीच्या पहिल्या पानावर, टोपीच्या आत असते तसे, सांगणाऱ्याचे नाव घालावे.