पनवेलच्या बेने इस्रायलांची हिब्रू

बोरघाट उतरून आलेला देशावरचा माल पनवेलच्या बंदरात गलबतांवर चढत असे, त्या काळी या पेठेत नांदणाऱ्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने 1849 साली येथे बेथ एल हे प्रार्थनामंदिर उभारले. घरात, बाजारात आणि कचेरीत मराठी बोलणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून कोकणाने शनवार तेली म्हणून ओळखलेला हा समाज धर्मग्रंथांच्या हिब्रू भाषेस मात्र परका झाला होता. तिची त्याला नव्याने ओळख झाली ती मराठीतूनच. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. 1846 मध्ये मुंबईत व 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. विल्सनसाहेबांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरता कामा नये. परंतु या समाजाने व्याकरण तेवढे स्वीकारले आणि धर्म आपलाच राखला, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

1948 नंतर या समाजातील कुटुंबे इस्रायलला जाऊ लागली, तेव्हा हा मराठीचा आधार सुटला. 1949 पासून तेथे प्रौढांसाठी निघालेल्या उल्पान नावाच्या वर्गांत हिब्रू शिकवीत ती हिब्रूतूनच. आणि त्या काळी इराक, मोरोक्को, रुमानिया अशा नाना मुलखांतून माणसे त्या देशात येत असल्यामुळे, कोकणच्या मनुष्याला शेजाऱ्याशी बोलावयास सामाईक अशी एकच भाषा होती, जी दोघांनाही अद्याप येत नव्हती. ज्ञानाच्या बरोबरीपेक्षा अज्ञानाची अशी बरोबरी स्नेहास अधिक पोषक असते, असे माझे मत आहे.

अर्थात अडसर केवळ भाषेचा नव्हता. भेदभावाने व्यथित होऊन 1951-52 मध्ये काहींनी मायदेशी परत पाठविण्यासाठी धरणे धरले. पुढे विवाहाच्या प्रश्नावरून तेथील धर्मपीठाने या समाजाच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली, आणि 1964 पर्यंत त्यास झगडावे लागले. हिब्रू अस्खलित येऊनही जे दार उघडत नव्हते, ते या लोकांनी एकजुटीने उघडविले.

तरीही दिमोना, लोद, अश्दोद येथील घरांतून प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे-नारळाचा मलिदा होत राहिला, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, आणि 1996 साली जागतिक मराठी परिषदही त्या देशात भरली. उल्पानच्या बाकावर बसलेल्या त्या पिढीतील जी मंडळी हयात आहेत, त्यांच्यापाशी देवनागरीत हिब्रू उच्चार टिपलेल्या वह्या असतील, तर त्या आपल्या एखाद्या इतिहास संशोधन मंडळाने आताच मागून घ्याव्यात.