श्रद्धा व आचार : लाखांदूर-पवनी परिसराच्या संदर्भात

धर्मात माणूस काय मानतो यास महत्त्व अधिक की तो कसा वागतो यास, हा धर्मविचारातील एक जुना वादविषय. ख्रिस्ती परंपरेत श्रद्धेने मिळणारे तारण आणि सत्कृत्यांची आवश्यकता यांवरून तो झडला व सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीमुळे चर्चभेदाचे एक प्रमुख कारण ठरला. भारतात मात्र ‘श्रद्धा की आचार’ यापेक्षा ‘कोणता आचार’ हा प्रश्न अधिक तीव्रतेने विचारला गेला. धर्मशास्त्रांनी श्रुती व स्मृती यांच्या जोडीने सदाचार हे धर्माचे प्रमाण मानले. परंतु त्या आचारात सत्य व दया यांबरोबर सोवळेओवळे आणि जातिनिर्बंधही अंतर्भूत केले. विधी आणि नीती या दोहोंना मराठीत ‘आचार’ हा एकच शब्द लावला जातो, हे ध्यानात घेतल्याशिवाय या वादाचा येथील इतिहास नीट उलगडत नाही.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लाखांदूर तालुका हा वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या काठचा, धानाच्या शेतीचा, झाडीपट्टीत मोडणारा प्रदेश. या भागाच्या धर्मजीवनात वरील प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळांत दिली गेली. त्यांतील सर्वांत जुना पुरावा लगतच्या तालुक्यातील पवनी येथे मिळतो. तेथील जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७० मधील उत्खननात दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लेख सापडले. लेखांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. या दात्यांच्या मनात निर्वाणाविषयी कोणती कल्पना होती, हे दगड सांगत नाहीत. त्यांनी दान दिले एवढेच सांगतात. पुरातत्त्वास आचार दिसतो, श्रद्धेचे मात्र अनुमानच करावे लागते.

तेराव्या शतकातील महानुभाव पंथाच्या इतिहासाशी भंडारा गावाचा संबंध येतो. श्रीचक्रधरांच्या आरंभीच्या अनुयायांतील नीळभट्ट हे भांडारेकार म्हणूनच लीळाचरित्रात ओळखले जातात. चक्रधरांच्या वचनांचे संकलन असलेल्या सूत्रपाठात ‘विचार’ व ‘आचार’ अशी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि ही विभागणी अर्थपूर्ण आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांतील भेदाचे ज्ञान झाल्यावाचून मोक्ष नाही; देवतांची उपासना कितीही निष्ठेने केली, तरी तिचे फळ मर्यादितच, असे पंथाचे मत. म्हणजे येथे ज्ञान प्रथम येते. परंतु ज्ञान झाल्यावर स्वदेश व संबंध यांचा त्याग, भिक्षा, अटन, अहिंसा व नामस्मरण यांनी युक्त असे अनुसरण सांगितले आहे. भिक्षा चारी वर्णांच्या घरी मागावयाची असल्याने रूढ आचाराशी त्याचा थेट विरोध होता. ज्यांस घरदार सोडणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी वासनिकांचा वर्ग मानला गेला. आचाराची पूर्ण मागणी करणाऱ्या पंथालाही अखेर गृहस्थांसाठी जागा ठेवावी लागली, ही गोष्ट लक्षणीय होय.

विसाव्या शतकात हा प्रश्न याच जिल्ह्यात सर्वस्वी नव्या रूपाने उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवला येथे धर्मांतराची घोषणा केली होती. १९५४ मध्ये ते भंडारा लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीत उभे राहिले व पराभूत झाले (त्याच वेळी तेथील दुसऱ्या जागेवर अशोक मेहता निवडून आले). १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. दोन दिवसांनी चंद्रपूर येथेही दीक्षासमारंभ झाला. अशा रीतीने वैनगंगेच्या या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना तीन दिवसांत धर्मांतर घडून आले.

द बुद्ध अँड हिज धम्म हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यात रिलिजन ही व्यक्तीची खाजगी बाब, तर धम्म हा सामाजिक, माणसामाणसांतील योग्य संबंधांचा विषय असा भेद केला आहे. इतर धर्मांत ईश्वराचे जे स्थान ते धम्मात नीतीचे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या मांडणीवरून आंबेडकरांनी श्रद्धेस गौण लेखले असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या काही प्रतिज्ञा काय मानावयाचे नाही याविषयीच्या आहेत. त्यांत विशिष्ट देवतांना देव न मानणे आणि त्यांची उपासना न करणे या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. अवतारकल्पना व श्राद्धकर्म यांच्या त्यागानंतर समता, अष्टांगमार्ग, दया, तसेच चोरी, असत्य व मद्यपान यांपासून विरती सांगितली आहे. जातीचा आचार हा विशिष्ट श्रद्धेवर उभा असल्याने ती श्रद्धा नाकारल्याशिवाय नवा आचार टिकणार नाही, हा त्यामागील विचार दिसतो. घरातील देव बाहेर काढणे ही म्हणूनच अनेक कुटुंबांच्या धर्मांतराची पहिली दृश्य खूण ठरली. जुन्या पिढीतील माणसांना ते सोपे गेले नसणार.

या धर्मांतराची भौतिक किंमतही होती. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माचा (१९५६ पासून शीख धर्माचाही) अंगीकार सांगणाऱ्यासच त्या जातीचा मानले जाई. दीक्षा घेणाऱ्याचा त्या सवलतींवरील हक्क त्यामुळे जात असे. विदर्भातूनच उद्भवलेल्या पंजाबराव विरुद्ध मेश्राम या निवडणूकविषयक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये अंगीकार म्हणजे संबंधितांना कळेल अशी उघड घोषणा, असा अर्थ लावला. नव्या धर्माच्या नियमांप्रमाणे धर्मांतर पूर्णतः सिद्ध झाले की नाही, हे पाहण्याची आवश्यकता नाही असे ठरविले. धर्मचिंतकांनी श्रद्धा व आचार यांचा वाद घातला. कायद्याने दोहोंनाही बाजूस सारून घोषणा हेच गमक धरले. जे बौद्ध झाल्याचे उघडपणे सांगत, त्यांचा हक्क जाई. जे मनाने बौद्ध झाले पण कागदोपत्री जुनीच नोंद ठेवीत, त्यांचा राही. खरे बोलणे ही ज्या धम्मात प्रतिज्ञा आहे, त्याच्या अनुयायांवर हा प्रसंग यावा हे विपरीत होते. १९९० मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीने बौद्धांचा या आदेशात समावेश झाला.