तळटीप : रीॲलॉक आणि जुना पॉइंटर

१. लेखकाने येथे रीॲलॉकने दिलेला पत्ता थेट जुन्याच पॉइंटरमध्ये ठेवला आहे. उदाहरणापुरते ते चालते. सवय मात्र लावून घेऊ नये. ॲरे वाढवताना लगत मोकळी जागा नसेल, तर रीॲलॉक दुसरीकडे नवा ब्लॉक घेते, जुने घटक तिथे कॉपी करते आणि जुना ब्लॉक स्वतःच मोकळा करते. त्याकडे रोखलेले इतर पॉइंटर तेव्हा निकामी होतात. मेमरी मिळालीच नाही, तर नल परत येते आणि जुना ब्लॉक तसाच राहतो. त्याचा एकमेव पत्ता नलने पुसला गेला, तर तो फ्री करण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून नवा पत्ता आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यावा, तो नल नाही हे तपासावे आणि मगच जुन्या पॉइंटरमध्ये ठेवावा. — संपा.